डोके आधी की पाय?

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवरचा जुना रिवाज सरळ : जोडे पायरीशी, पगडी डोक्यावर. बोडक्या डोक्याने कोणी गादीवर टेकला, तर घरात सुतक असावे, अशी शंका यायची. साहेबाचे सगळे उलटे. हॅट दारात उतरे, बूट थेट गालिच्यावर. शिरस्त्राण काढून ‘मी लढायला आलेलो नाही’ सांगायची सरदारी रीत, असे त्याचे मूळ सांगतात.

ही रीत साहेबाला इतकी प्यारी, की १६७० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात आरोपी असलेल्या क्वेकरपंथी विल्यम पेनच्या डोक्यावर आधी टोपी चढवली आणि ती उतरवली नाही म्हणून त्यालाच दंड ठोकला! पायांच्या बाबतीत मात्र १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने बंगाल्यांना सवलत दिली : विलायती बूट असतील तर दरबारात घालून या. देशी जोडे बाहेरच.

आता सराफांच्या दारांवर पाटी असते : ‘हेल्मेट काढून आत या.’ निरुपद्रवीपणा कॅमेऱ्याला पटवायचा असतो. आत एसी, चकचकीत फरशी, पायांत बूट. डोके उघडे, पाय झाकलेले. साहेब १९४७ साली गेला खरा, पण शिष्टाचाराची लढाई तोच जिंकला.