चार गुणांचा माणूस

खानदेशात एखादा धडधाकट पुरुष उताणा पडलेला दिसला, तर त्याची कारणं दोनच संभवतात. एक तर मे महिन्यातली दुपार असते, नाहीतर तो कुस्ती हरलेला असतो. चाळिशी उलटल्यावर मी यात तिसऱ्या कारणाची भर घातली. मी जळगावात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो.

‘शिकतो’ हे जरा मोठेपणाचंच झालं. ऑफिस सुटलं की मॅटवर जातो, जाडजूड अंगरखा घालतो, कमरेला पांढरा पट्टा बांधतो आणि मुलाच्या वयाच्या पोरांकडून गळा आवळून घेतो. पांढऱ्यानंतर निळा, मग जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा. काळ्यापर्यंत पोचायला दहाएक वर्षं सहज लागतात. माझा वेग पाहता तो पट्टा मला निवृत्तीच्या शाल-श्रीफळाबरोबरच मिळेल. पोरं मात्र गुणी आहेत. गळा सोडल्या सोडल्या विचारतात, “काका, पाणी देऊ का?” गळ्यापेक्षा ते ‘काका’ जास्त लागतं.

अंगरखा शुद्ध सुती असतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा, आणि डिसेंबरात तो वाटतोही. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तोच अंगरखा घालून दुसऱ्या घामाघूम माणसाखाली निपचित पडलं, की कापसाबद्दलच्या भावना बदलतात. आपले पहिलवान एका लंगोटावर का लढत आले, ते मला तिथे कळलं.

खरी अडचण उकाड्याची नव्हे, पाठीची आहे. आमच्याकडे पाठ म्हणजे इज्जत. यात्रेच्या दंगलीत रेवड्यांच्या कुस्तीत चितपट झालेल्या पोराला मिशी फुटली तरी गाव ते विसरू देत नाही. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती धुळ्यात भरली. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं तो किताब मिळवला. अशा मुलखात मी पैसे भरून उताणं पडायला जातो.

कारण या खेळात पाठ टेकली की काहीच संपत नाही. उलट पाठीवर पडून, समोरच्याला दोन्ही पायांच्या विळख्यात धरून, तिथून त्याचा हात किंवा मान शोधायची, ही इथली मोठी विद्या. तिला गार्ड म्हणतात. काहीजण तर उभं राहून झोंबत बसण्यापेक्षा आपण होऊनच खाली बसतात.

धुळ्याला आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, हे समजावून सांगणं हा वेगळाच व्यायाम. आप्पांची उमर तालमीत गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पाठ टेकनी ना?”

“टेकली आप्पा, पण यात ते चालतं.”

“मंग व्हयनं!”

मी गुणांचा हिशेब मांडला. समोरच्याला उभ्यानं खाली पाडलं तर दोन गुण, पायांचा विळखा ओलांडून गेलं तर तीन आणि त्याच्या पोटावर बैठक मारली तर चार. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे उचलून आपटणाऱ्याला दोन आणि नुसतं बसून राहणाऱ्याला चार? हा खेळ कोण्या सरकारी नोकरानं काढला असेल.” मी स्वतः सरकारी नोकर असल्यानं विषय तिथेच थांबवला.

खरं तर तो काढला ब्राझीलमधल्या ग्रेसी कुटुंबानं. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. धाकटा भाऊ हेलिओ अंगानं किरकोळ. ताकदवान माणूस अंगावर आल्यावर खालून कसं निभवायचं, यावर त्यानं आयुष्य घातलं. १९५१ साली रिओत जपानचा मासाहिको किमुरा त्याच्याशी लढला. किमुरानं त्याचा हात असा पिरगाळला की हाड मोडलं. हेलिओ तरी शरण जाईना, शेवटी त्याच्या बाजूच्यांनीच लढत थांबवली. पुढे ब्राझीलवाल्यांनी त्या डावालाच किमुरा नाव दिलं. ज्यानं आपला हात मोडला त्याचं नाव रोज आदरानं घ्यायचं, हा दिलदारपणा मला फार आवडतो. भाऊबंदकीच्या दाव्यात आपल्याकडे समोरच्याचं नाव कसं घेतात, ते आठवून पाहा.

शरण जाण्याची रीतही सुटसुटीत आहे. आपल्याकडे पहिलवान शड्डू ठोकतो तो स्वतःच्या मांडीवर, आणि लढायच्या आधी. इथे थाप मारायची ती दुसऱ्याच्या अंगावर, आणि हरल्यावर. दोनदा थोपटलं की पकड सुटते, हात मिळवायचा आणि पुन्हा बसायचं. एका संध्याकाळी माणूस कितीही वेळा हरू शकतो आणि घरी जाऊन वरण-भात जेवू शकतो. हौशी माणसाला याहून अधिक काय हवं? ऑफिसात मला हरलो असं म्हणता येत नाही, तिथे ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं लिहावं लागतं.

म्हणून हा खेळ कुस्तीपेक्षा श्रेष्ठ, असं मात्र मी म्हणणार नाही. तालमीतला पोरगा मॅटवर आला, तर आमच्यासारख्यांना पहिल्याच दिवशी उचलून ठेवील. पकड, दम, कमरेचा जोर, सगळं त्याच्याकडे तयारच असतं. त्याला शिकायचं असतं ते फक्त पाठीवर पडायची लाज सोडायला, आणि तेच त्याला सगळ्यात जड जातं.

तरी जळगाव-धुळ्याच्या पहिलवानांनो, एकदा येऊन पाहाच. नखं कापून या. आणि शेवभाजी रात्रीसाठी राखून ठेवा, कारण पोटावर चार गुणांचा माणूस बसणार आहे.