चार मिनिटं वीस सेकंदांचा इलाज

नेटवर्कमध्ये अजिबात न चालणारी गोष्ट दुरुस्त करणं सोपं. चार मिनिटं चालून बंद पडणारी गोष्ट मात्र भल्याभल्यांना देवभोळं करून सोडते.

एका हॉटेलात खोल्याखोल्यांतले टीव्ही असेच बंद पडायचे. चॅनल लावला की चित्र झकास. मग धावत आलेला बॉलर अचानक एक पाय हवेत ठेवून थिजायचा, तो तसाच. मी पोचेपर्यंत तिथे उपचारांची परंपराच तयार झाली होती. इलेक्ट्रिशियन केबल उपसून पुन्हा खोचायचा, चित्र यायचं. "लूज होती साहेब," म्हणत तो पुढच्या खोलीत. साफसफाईच्या मावशी चॅनल मागेपुढे करायच्या, चित्र यायचं. मॅनेजर अख्खा स्विच बंद करून चालू करायचे, तरी चित्र यायचं! प्रत्येकाचा उपाय लागू पडत होता, कारण त्यानंतर चार मिनिटं तिथे थांबायला कोणालाच सवड नव्हती.

या टीव्हींना चॅनल मल्टिकास्टने यायचे, आणि मल्टिकास्टचा कारभार पंगतीतल्या जिलबीसारखा असतो. सर्व्हर चॅनलची एकच प्रत सोडतो. ती कोणाच्या पानात वाढायची ते स्विच ठरवतो. त्यासाठी तो आयजीएमपी स्नूपिंग करतो, म्हणजे कोणता टीव्ही 'मला हवी' म्हणतोय ते कान देऊन ऐकतो. पण एकदा हो म्हटलं म्हणून तो जन्मभर वाढत बसत नाही. साधारण दर १२५ सेकंदांनी कोणीतरी पंगतीतून 'जिलबी कोणाला?' असं विचारत फिरावं आणि हवी त्याने हात वर करावा, अशी रीत. २६० सेकंद हात दिसला नाही, की हे पान उठलं असं स्विच समजतो.

या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात, आणि हे काम सहसा राउटर करतो. हॉटेलात नुकताच नवा चकचकीत राउटर आला होता. जुना भंगारात गेला, आणि त्याच्याबरोबर विचारणाराही.

व्हेंडरने फोनवर सल्ला दिला, "स्नूपिंगच बंद करून टाका." टीव्ही चाललेही असते. पण मग रिसेप्शनवरच्या प्रिंटरलाही सगळ्या मालिकांचे सगळे भाग आग्रहाने वाढले गेले असते, आणि पाहुण्यांच्या वायफायने मान टाकली असती ती वेगळीच.

मी टीव्हीचा पोर्ट मिरर करून वायरशार्क लावला. टीव्हीचा 'मला हवी' स्वच्छ दिसला. पुढे प्रश्न एकही नाही. मॅनेजरांना म्हटलं, "घड्याळ लावा, चार मिनिटं वीस सेकंदांनी चित्र थांबेल." थांबलं. मॅनेजरांनी लगेच उजवा तळहात पुढे करून साडेसाती कधी संपेल ते विचारलं.

मुख्य स्विचवर टीव्ही ज्या व्हीलॅनमध्ये होते त्याला एक आयपी पत्ता दिला आणि क्वेरिअर चालू केला. टीव्ही चालू राहिले. इलेक्ट्रिशियनच्या मते केबल लूजच होती.

तेव्हा तुमच्याकडे चित्र चार मिनिटांनी थिजत असेल, तर केबल बदलू नका, स्विच बदलू नका. आधी क्वेरिअर कोण आहे ते शोधा. आणि दुरुस्ती झाली असं जाहीर करण्याआधी निदान पाच मिनिटं टीव्हीसमोर उभे राहा.