हटन ऑर्बिटलच्या वाटेवर मुनीम नेमण्याचा विधी

एलिट डेंजरस हा केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने 2014 साली आणलेला अंतराळातला खेळ. त्यात सुमारे 40 हजार कोटी सूर्यमाला आहेत आणि खेळाडूने या स्थानकावरून चहा उचलून त्या स्थानकावर विकायचा, असा एक गंभीर व्यवसाय आहे. किराणा दुकानाच्या बिलाकडे ज्याने जन्मात पाहिलं नाही, तो गृहस्थही इथे टनामागे किती सुटले ते लिहून ठेवतो. या कामी एलिट डेंजरस मार्केट कनेक्टर नावाचं सोबती ॲप वापरतात. त्याला मुनीम समजावं. खेळ आपली प्रत्येक हालचाल जर्नल नावाच्या फाइलीत ओळीओळीने खरडत असतो. मुनीम ते वाचतो आणि तुम्ही उतरलात त्या स्थानकावरचे भाव जगभरच्या व्यापाऱ्यांना कळवतो. विंडोजवर हे सारं विनासायास होतं, म्हणून त्याला पुण्य नाही.

लिनक्सवर विधीला वेळ लागतो, तेव्हा मुहूर्त आधी काढावा. अल्फा सेंटॉरीत शिरून हटन ऑर्बिटलकडे जहाज वळवावं. हे स्थानक तिथल्या मुख्य ताऱ्यापासून 0.22 प्रकाशवर्षं दूर असल्याने सरळ रेषेत सव्वा-दीड तास नुसतं जायचं असतं. (तिथे ॲनाकोंडा जहाज फुकट मिळतं असं जुनी मंडळी नवशिक्याला सांगतात. मिळत नाही.) वेग लावला, नाक सरळ आहे ना ते पाहिलं, की खेळाची खिडकी बाजूला सारून टर्मिनल उघडावं.

मुनीम पायथॉनमध्ये लिहिलेला, म्हणजे लिनक्सला घरचाच. पण खिडकी काढायला त्याला टीके नावाची लायब्ररी लागते, आणि डेबियन-उबुंटूवर ती वेगळी मागवावी लागते. मग पायथॉनचं सामान आणणाऱ्या पिपला उरलेलं आणायला सांगावं. हल्ली तो नकार देतो. म्हणतो, हा पायथॉन डिस्ट्रोच्या ताब्यात आहे, हात लावू नका. अशा वेळी तोड-सिस्टम-पॅकेजेस असं उघडउघड नाव असलेला पर्याय कुणी सुचवला, तर त्याचे आभार मानून मुकाट्याने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं.

मुनीम उभा राहिला. आता त्याची चोपडी, म्हणजे ते जर्नल, कुठे आहे?

इथे साधकाचा कस लागतो. खेळ विंडोजचा, तो चालतो व्हॉल्व्हच्या 2018 सालच्या प्रोटॉनमुळे, आणि प्रोटॉन प्रत्येक खेळाला एक खोटी विंडोज बांधून देतो. मुनीम बाहेर ओसरीवर, चोपडी त्या खोट्या घराच्या माजघरात. तेव्हा होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर उघडे करावेत. मग डॉट-लोकल, शेअर, स्टीम, स्टीमॲप्स, कॉम्पॅटडेटा असं उतरत जावं. तिथे नुसते आकडे दिसतील. 359320 हा आपला. त्यात पीएफएक्स, त्यात चक्क सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात स्टीमयूजर नावाचा कुणी इसम राहतो. त्याच्या सेव्ह्ड गेम्समध्ये फ्रंटियर डेव्हलपमेंट्स, त्यात एलिट डेंजरस. हा पत्ता मुनिमाच्या सेटिंग्जमध्ये लिहावा. टर्मिनलवर देत असाल तर सेव्ह्ड आणि गेम्समधली मोकळी जागा अवतरणात कोंडावी, नाहीतर सेव्ह्ड नावाची वस्तू नाही असं ऐकून घ्यावं लागेल. अक्षर लहान-मोठं झालं तरी तेच. स्टीम फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल तर ही सगळी वंशावळ डॉट-व्हारच्या पोटात सापडेल.

खेळाच्या पडद्यावरच भाव तरंगत दिसावेत ही हौस काहींना असते. लिनक्सचा पडदा वेलँडच्या ताब्यात असेल तर ती आवरावी. एका ॲपने आपणहून दुसऱ्याच्या डोक्यावर बसणं त्या राज्यात चालत नाही. दुसरा मॉनिटर घ्यावा. नसल्यास मान वळवायची सवय करावी.

एव्हाना जहाजाकडे पाहावं. पोचायला सात सेकंद उरल्याचं दिसताच वेग पाऊणपट्टीवर आणायचा असतो. तो क्षण टीकेच्या एरर वाचण्यात निघून गेला असेल तर स्थानक मागे पडलेलं असेल, वळसा घ्यावा. उतरल्यावर मुनिमाच्या खिडकीत अल्फा सेंटॉरी आणि हटन ऑर्बिटल अशी दोन नावं उमटतील. इथला ‘हटन मग’ नावाचा पेला विकत घ्यावा, तेवढ्यासाठीच लोक येतात.

शेवटी जर्नल उघडून उतरल्याची नोंद तपासावी. खेळातलं साल आपल्यापेक्षा 1286 वर्षं पुढे असलं तरी जर्नल आपलंच साल लिहितं, मात्र वेळ यूटीसीची, म्हणजे साडेपाच तास मागे. पहाटेचे तीन वाजले असतील तर नोंदीत रात्रीचे साडेनऊच दिसतात. घरात कुणी विचारलं तर तीच दाखवावी.