तासाला एकवीस वर्षं

आमचा भाचा मागच्या महिन्यात नागपूरहून वर्ध्याला आला, तो पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यावर १२० तास घेऊन. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, नावाचं एक प्रकरण आहे. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास. वाणिज्य शाखेची पोट्टी बँकेत जाऊन पासबुकं छापून देतात. आमचा इतिहासवाला. त्याला विषय मिळाला : ‘सार्वजनिक जमिनीवरील पुरातत्त्वीय स्थळांचे दस्तऐवजीकरण व नकाशांकन’. विषयाचं नाव पाठ करण्यात पहिला अर्धा तास गेला आणि तो त्यानं डायरीत मांडलाही.

त्याच्या वाट्याला आली शिळावर्तुळं. लोहयुगातल्या माणसांनी आपले मेलेले पुरले आणि भोवती मोठमोठे गोटे गोलाकार मांडले. विदर्भात ती शेकड्यांनी आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरीची पुस्तकांत येतात, आमच्या वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा अभ्यासक तेवढे ओळखतात. वय ढोबळमानानं अडीच हजार वर्षं, काहींचं जास्तच. २,५०० भागिले १२०. तासाला एकवीस वर्षं. भाच्यानं पहिल्या दिवशी चहाला चाळीस मिनिटं लावली तेव्हा मी म्हटलं, ‘‘बेटा, चौदा वर्षं गेली. रामाचा वनवास आटोपला तुझ्या एका कटिंगमध्ये.’’

‘‘मामा, मोबाइल चार्ज करत होतो. ॲपला लागतो.’’

ॲप हा या पुरातत्त्वाचा कणा. पूर्वी खुरपी, ब्रश आणि मोजपट्टी लागायची, आता रेंज लागते. शिळावर्तुळं मात्र मोबाइलचा मनोरा कुठे येणार याचा अंदाज न घेता बांधलेली. त्यातून ॲपमध्ये लाल तारांकित रकाने. ‘मालकाचा मोबाइल क्रमांक’ भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. भाच्यानं शेवटी माझा टाकला. त्यामुळे लोहयुगातल्या एका दफनभूमीचा ओटीपी मला येतो. परवा एका लग्नाच्या पंगतीत आला.

पहिलं वर्तुळ सापडलं ते एका गायकीमुळे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गायकी म्हणजे गुरं राखणारा माणूस. ख्याल-ठुमरीशी त्याचा संबंध नाही. गावामागच्या गायरानावर भाचा मोबाइल आभाळाकडे धरून फिरत होता.

‘‘काय धुंडून रायले जी?’’

‘‘बाबा, इथे शिळावर्तुळं आहेत म्हणतात.’’

‘‘कायची?’’

‘‘गोल मांडलेले दगड.’’

‘‘मंग गोटे म्हना ना! ते गवळ्यायचे होत. तिकडच्या मोठ्यात एकतीस हायेत. एक माह्या बापानं घरी नेला होता, उंबऱ्यापाशी टाकाले. पन घरात कोनाले झोपच येईना. चवथ्या रोजी वापस आनून ठेवला.’’

भाच्यानं मोजले. एकतीसच. ‘स्थळाचा शोध कोणी लावला’ या रकान्यात पर्याय तीन होते : विद्यार्थी, प्राध्यापक, इतर. गायकीबुवा ‘इतर’मध्ये गेले. प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा आहे. पण त्या गायरानावर आजवर एकाच कायद्याची अंमलबजावणी झालेली दिसते, ती झोप न येण्याच्या.

आता जमीन कोणाची, ते शोधायचं होतं. इथं भाच्याचे अकरा तास गेले, म्हणजे सव्वादोनशे वर्षं. अख्खे वाकाटक येऊन जवळजवळ गेलेच असते. तलाठी भेटले (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पद तेच, टेबल तेच, पाटी नवी). ते म्हणाले, सातबाऱ्यावर ‘सरकार’ आहे, दगड नाही. वनखात्याचा माणूस म्हणाला, अर्धा तुकडा झुडपी आहे.

झुडपी जंगल हे आमच्या पूर्व विदर्भाचं खास वैभव. महसुलाच्या दप्तरात जंगल, जमिनीवर झुडपं, आणि कैक ठिकाणी झुडपंही नाहीत, वस्ती, शाळा आणि कचेऱ्या आहेत. ही जमीन वन म्हणायची की नाही, हा वाद इतका जुना की त्यालाच संरक्षित स्मारक घोषित करायला हरकत नव्हती. वर्ध्यासह सहा जिल्ह्यांतलं हे ८६ हजारांहून जास्त हेक्टर वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी सांगितलं. म्हणजे एकतीस गोट्यांपैकी अठरा वनात आणि तेरा गायरानात. मधला मुडदा दोन्ही खात्यांच्या हद्दीत आडवा पडलेला.

‘‘मग याची नोंद करायची कुठे?’’ भाच्यानं विचारलं. तलाठी साहेब भला माणूस. बराच विचार करून म्हणाला, ‘‘गाव नमुना एक-ई मध्ये होईल.’’ एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. सरकारी जमिनीवर विनापरवाना दगडी बांधकाम, कब्जेदार अज्ञात, कब्जा जुना. कागदोपत्री चूक काढायला जागा नाही. मी भाच्याला म्हटलं, घाबरू नकोस, १ जानेवारी २०११ पूर्वीची घरं नियमित करायची सोय आहे आणि ही मंडळी तारखेत आरामात बसतात. फक्त रहिवासाचा पुरावा लागेल. घोड्याचा लोखंडी लगाम चालतो का विचार. विदर्भातल्या वर्तुळांत तो मेलेल्यांसोबत सापडलाय, विजेचं बिल मात्र अजून कुठल्याच उत्खननात निघालेलं नाही.

दुसरा मार्ग मी सुचवला तो निस्तार पत्रकाचा. गावाची चराई कुठे, सरपण कुठलं, मुडदे कुठे पुरायचे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ही जागा दफनभूमीच आहे, मग टाका त्यात. साहेब म्हणाले, ‘‘ग्रामसभेचा ठराव लागेल. आणि मयताच्या वारसांचं संमतिपत्र.’’

खरी गंमत पुढंच होती. कोतवालानं जुनं बाड काढलं, त्यात काही गावांच्या नावांपुढे कंसात ‘रिठी’. विदर्भाबाहेर हा शब्द फारसा कोणाच्या कानावरून गेला नसेल. जिथं गाव होतं आणि आता माणूस राहत नाही, ते रिठी. प्लेग, पेंढारी, दुष्काळ, आटलेली विहीर, कारण काहीही असो. माणसं गेली, मौज्याचं नाव आणि क्रमांक राहिला. तिथं जाऊन पायानं माती उकरा. भोवतीच्या काळ्या शेतात मध्येच राखुंडी पांढरी माती, तिच्यात खापरं, कुठं जात्याची तळी, कुठं शेंदूर उडालेली माय. म्हणजे महसूल खात्यानं पिढ्यान्‌पिढ्या पुरातत्त्वाची यादी सांभाळली, फक्त कोणाला सांगितलं नाही. भाचा उड्या मारत ॲपकडे धावला. ॲपनं विचारलं, लोकसंख्या? शून्य. लाभार्थी? शून्य. ‘ही नोंद अपात्र आहे.’

इंग्रज साहेबाच्या काळी असं नव्हतं असं वाटत असेल, तर तेही ऐका. इथल्या वर्तुळांवर सुरुवातीला ज्यांनी लिहिलं त्यातला रिव्हेट-कारनॅक हा होता कापूस आयुक्त. सरकी मोजता मोजता त्यानं जुनापाणीचे गोटे मोजले. आजही आमच्याकडे तीच पद्धत आहे : पुरातत्त्व सोडून बाकी सगळी खाती ते काम करतात. आणि पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे, तो सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेला. टाकळघाट आमच्या वेशीपासून लांब नाही. बहिणीला हे मी सांगितलं नाही. भाच्याच्या फॉर्मवर ‘विद्यार्थी स्वतःच्या जबाबदारीवर जाईल’ अशी ओळ होती, तिच्याखाली तिनं आधीच सही केली होती.

या जिल्ह्यात सर्वांत यशस्वी इंटर्नशिप झाली ती मात्र १९३८ साली, पवनारला. उमेदवार विनोबा भावे. तब्येत खालावलेली, म्हणून धाम नदीकाठी आले आणि व्यायाम म्हणून शेत खणू लागले. परवाना नाही, ॲप नाही, क्रेडिट नाही. कुदळ लागली ती थेट भरत-रामाच्या भेटीला. पुढं तिथं आणखी शिल्पं निघाली, वा. वि. मिराशींनी त्यात रामायणातले प्रसंग ओळखले आणि वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मांडलं. १९६७ साली नागपूर विद्यापीठानं पवनारला रीतसर उत्खननही केलं. शिल्पं आश्रमाच्या भिंतींत आजही आहेत, जाऊन बघा. चप्पल बाहेर काढावी लागते, ओटीपी लागत नाही.

विनोबांनी आज ते शेत खणलं असतं तर? दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगतो. तो अजून जिवंत आहे आणि दहा रुपयेही तेच. वर्ध्यात तेवढ्यात एक चहा येतो. भरत-राम नक्कीच त्याहून महाग. म्हणजे पंचनामा, शेतीला मनाई, आणि महिनाभर सतरंजीवर बसलेले दोन पोलीस. भूदान चळवळ मग पोचमपल्लीला सुरू व्हायच्या आधी तहसीलमध्येच संपली असती.

पवनारच्या बाबतीत एक दुखरी गोष्ट सांगायलाच हवी. राजधानीचं ते बिरूद पुढं आमच्याकडे निर्वेध राहिलं नाही. रामटेकजवळ मनसरला मोठं उत्खनन झालं आणि प्रवरपूर ते मनसरच, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटू लागलं. पुरावे काय असतील ते असोत. आम्हा वर्धेकरांना एवढंच कळतं की पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीचं मुख्यालयसुद्धा शेवटी नागपूर जिल्ह्यात हललं. आमच्याच जिल्ह्यातल्या गिरडच्या फकिरानं बंजाऱ्यांच्या नारळाचे दगड केले, अशी कथा आहे. तिथल्या टेकडीवर ते गोल दगड अजून मिळतात. ते तेवढे कोणी नेलेले नाहीत. अजून.

मध्यंतरी भाच्याला निराशा आली. ‘‘मामा, एवढं करून उपयोग काय?’’ मी त्याला संसदीय समितीचा आकडा वाचून दाखवला. देशातली ५० केंद्रीय संरक्षित स्मारकं हरवलीत. १४ शहरांनी गिळली, १२ धरणांत बुडाली, २४ सापडतच नाहीत. नुसती असलेली नाही हो, संरक्षित! ‘‘तुझे गोटे संरक्षित नाहीत,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणून तर जागेवर आहेत.’’ पोरगं उभारी धरून कामाला लागलं. प्रत्येक गोट्यावर खडूनं आकडा घातला, एक ते एकतीस, ठळक. फोटो काढले. आराखडा काढला. व्यास मोजायचा राहिला, कारण टेप सरांच्या कपाटात आणि कपाटाची चावी प्रशिक्षणाला गेली होती.

टेप मिळायला नऊ दिवस लागले. तोवर गावात सुशोभीकरणाचा निधी आला होता. आम्ही दोघं गेलो तर गायरानावर मुरमाचा खड्डा, जेसीबीच्या चाकांचे ठसे आणि गायकीबुवा बिडी ओढत बसलेले.

‘‘बाबा, गोटे?’’

‘‘ग्रामपंचायतीत गेले जी. झेंड्याच्या ओट्यापाशी. तुमच्या पोट्ट्यानं लंबर टाकले होते ना, मिस्त्रीले लय सोपं गेलं. बराबर एकाखाली एक लावले त्यानं.’’

ग्रामपंचायतीपुढं ध्वजस्तंभ, स्तंभाभोवती ‘आय लव्ह’ आणि गावाचं नाव, आणि त्याभोवती एक ते एकतीस, क्रमवार, गेरू आणि चुन्यानं रंगवलेले. आकड्यांवर मिस्त्रीनं पिवळा ऑइलपेंट फिरवला होता, पावसात जाऊ नयेत म्हणून. काम चोख होतं. आतल्या सावलीत चार गाई रवंथ करत बसल्या होत्या.

मी म्हटलं, ‘‘गावाला झोप कशी लागते?’’

सरपंच म्हणाले, ‘‘काहून जी? कुलर हाय.’’

भाचा काही बोलला नाही. त्याचे अजून दोन तास शिल्लक होते, म्हणजे बेचाळीस वर्षं. त्यानं सॅकमधून टेप काढला, एक टोक सोळा नंबरवर माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन गाईंना बाजूला सारत एक नंबरकडे गेला.