पोरक्यांची दाई

दक्षिण आफ्रिकेतल्या काही केंद्रांत सिंहाचे छावे फारच पोरके होतात बुवा! आई मेलेली नसते. पलीकडच्याच कुंपणात असते. पिल्लं काढून घेतली की ती लवकर पुन्हा माजावर येते, एवढंच. मग सातासमुद्रापलीकडून आलेली विद्यार्थिनी घसघशीत शुल्क भरून छाव्याला बाटलीने दूध पाजते आणि अर्जात ‘संवर्धनाचा अनुभव’ नोंदवते. हाताने वाढवलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, हे तिला कोण सांगणार? पुढचा हिशेब २०१५च्या ‘ब्लड लायन्स’ माहितीपटाने मांडला: मोठे झालेले असे सिंह कुंपणातच शिकाऱ्यापुढे उभे केले जातात. शिकारीही शुल्क भरूनच आलेला. सिंह पळत नाही. माणूस दिसला, म्हणजे बाटली आली असणार!