अडीच कोयते

कुंडलिकेच्या ज्या तीरावर प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड आहे त्या तीराला नवीन जालना म्हणतात, आणि हे ‘नवीन’ आता इतके जुने झाले आहे की ते प्रथम कोणाच्या तोंडून निघाले याची कैफियत देण्यास आज कोणी हयात नाही. इकडचा मनुष्य पूल ओलांडून पलीकडे निघाला की ‘जुन्या जालन्यात जाऊन येतो’ असे घरात बजावून, परमुलुखी चालल्याच्या गांभीर्याने निघतो. तिकडचा मनुष्य सदर बाजारात खरेदीला आला की तो ‘बाजारात आलो होतो’ एवढेच म्हणतो, आपण दुसऱ्या गावी आल्याची कबुली तो देत नाही. नदी एवढीशी, आणि तीही वर्षातले कित्येक महिने नकाशावरूनच ओळखावी अशी. पण तिने एका गावाची दोन गावे केली, आणि त्या दोन गावांचे मिळून २०२३ साली सरकारने एक महानगर केले.

महानगर झाले त्या दिवशी गावात विशेष काही घडल्याचे स्मरत नाही. बडी सडक होती तेवढीच रुंद राहिली, म्हशींनी रस्त्याच्या मधोमध बसण्याची आपली वहिवाट सोडली नाही, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्यांच्या तोंडी बसली होती त्यांनी ती पूर्वीच्याच सुरात म्हणून दाखविली. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मात्र अर्ध्या कपाला त्या दिवसापासून ‘कटिंग’ म्हणावयास सुरुवात केली, कारण महानगरात तसे म्हणतात अशी त्याची खात्रीची माहिती होती. भाव त्याने पूर्ण कपाचाच ठेवला.

आता महानगर व्हावयाचे तर कायद्यात तीन लाख वस्तीची अट आहे. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ भरली होती. म्हणजे १४,४२३ माणसे कमी पडत होती. पुढची मोजदाद २०२१ साली व्हावयाची ती महामारीच्या कारणाने लांबली, ती लांबतच गेली, आणि दरम्यान आम्ही महानगर झालो. मग ही चौदा हजारांवर माणसे पाहिली कोणी? कोणीही नाही. लग्नाच्या पंगतीत बसलेला अनोळखी गृहस्थ मुलाकडच्यांना मुलीकडचा वाटतो आणि मुलीकडच्यांना मुलाकडचा, आणि तो निश्चिंतपणे जिलबी मागून घेतो, तशी ती माणसे आमच्या हिशेबात येऊन बसली आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गावात ४९,७८२ माणसे वाढली होती, हे पाहता ती कधीच आली असणार यात मला स्वतःला तिळमात्र संशय नाही. माझे म्हणणे इतकेच की, त्यांना अजून कोणी ‘आपण कोणाकडचे?’ असे विचारलेले नाही.

परंतु याबद्दल जालनेकरांनी ओशाळे होण्याचे कारण नाही, कारण जगातील मोठमोठ्या नगरांची मोठाई याहून निराळ्या रीतीने सिद्ध होते असे दिसत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरातून जगातील नगरांची नवी यादी बाहेर पडली, आणि वर्षानुवर्षे पहिल्या पाटावर बसलेले तोकियो तिसऱ्या पाटावर सरकून पहिला मान जकार्ताला व दुसरा ढाक्याला मिळाला. जकार्ता सुमारे ४ कोटी २० लाख, ढाका सुमारे ३ कोटी ७० लाख, तोकियो ३ कोटी ३० लाखांच्या घरात. हेच जकार्ता आधीच्या यादीत तिसाव्या क्रमांकाच्याही मागे, कोटी-सव्वा कोटीची वस्ती घेऊन अदबीने उभे होते. मध्यंतरीच्या सात-आठ वर्षांत तेथे तीन कोटी पाळणे हलले काय? तसे काही नाही. पूर्वी प्रत्येक देश आपल्या नगराची जी वेस सांगेल ती प्रमाण मानीत; आता पृथ्वीचे एकेक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून, ज्या लागून असलेल्या चौकोनांत प्रत्येकी निदान दीड हजार माणसे राहतात ते सारे जोडून, बेरीज निदान पन्नास हजार भरली की त्याला नगर म्हणावयाचे असे ठरले. माणसे होती तेथेच राहिली, वेस तेवढी हलली. आमच्याकडे शेताचा बांध रात्रीतून हातभर सरकला तर दोन पिढ्या दिवाणी चालते. तिकडे तीन कोटी माणसे बांधाच्या आत आली आणि कोणी मोजणीदारसुद्धा बोलावला नाही.

तोकियोचे तर आणखी चमत्कारिक आहे. तोकियो नावाचे नगर कायद्याने १९४३ सालीच मोडीत निघाले आणि त्याचा कारभार प्रांतात विलीन झाला. म्हणजे इतकी वर्षे जगातील सर्वांत मोठे म्हणून ज्याचा डंका वाजत होता ते नगर कागदोपत्री नव्हतेच. उलट लंडनचे पाहा. ज्याला तेथील लोक परंपरेने ‘सिटी’ म्हणतात ते मूळचे लंडन अवघे चौरस मैलभर असून तेथे रात्री झोपावयास जेमतेम साडेआठ हजार माणसे असतात. आमच्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बाजारगावाने त्याच्याकडे थोडे वरूनच पाहावे. आणि चीनमधील चोंगचिंग हे ‘नगर’ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटरांचे आहे. त्यात डोंगर आहेत, भाताची खाचरे आहेत, ज्यांनी उभ्या जन्मात नगर पाहिले नाही असे नागरिक आहेत, आणि २०२० च्या गणतीने तेथील लोकसंख्या ३ कोटी २० लाख भरली.

चोंगचिंगचा हा वृत्तान्त वाचल्यापासून माझ्या मनात एक योजना घोळते आहे, ती सरकारदरबारी सादर करावी असा विचार आहे. आमचा सारा मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे चोंगचिंगहून लहानच; आणि आठ जिल्ह्यांची २०११ ची बेरीज १ कोटी ८७ लाख, म्हणजे त्या वेळच्या बृहन्मुंबई महापालिकेच्या १ कोटी २४ लाखांहून कितीतरी जास्त. तेव्हा मराठवाडा हे एकच महानगर जाहीर करावे. भोकरदन आणि जाफराबाद ही उत्तरेकडील उपनगरे, नांदेड हे पूर्वेकडचे टोक, आणि परभणीहून जालन्याला येणाऱ्यास ‘परगावचा’ म्हणण्यास कायद्याने मनाई. हद्दीतील मोसंबीच्या बागांना सार्वजनिक उद्याने समजावे. दुष्काळ पडला तर तो यापुढे मराठवाड्यात पडला असे न म्हणता शहरात पाण्याची थोडी ओढ आहे असे म्हणावे. नुसत्या शब्दाने किती उतार पडतो पाहा.

एक अडचण मात्र आहे. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात स्वस्त धान्याचा लाभ देशभरातील ग्रामीण वस्तीपैकी पाऊण हिश्शाला आणि शहरी वस्तीपैकी निम्म्याला धरला आहे. खेडे एका रात्रीत शहर झाले की कित्येकांची भूक त्याच रात्री कमी झालेली असते. हा मुद्दा योजनेत घालावा की न घालावा, यावर मी अद्याप विचार करीत आहे.

नगरांची ही कथा, तर राष्ट्रांची काय सांगावी! २०२३ च्या एप्रिलात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे भारत १४२ कोटी ८६ लाख आणि चीन १४२ कोटी ५७ लाख असा आकडा आला, आणि आपण जगात पहिले येणार हे ठरले. त्या सकाळी आमच्या केशकर्तनालयात जो आनंद पाहिला तो एखाद्या घरचा मुलगा बोर्डात पहिला आल्यावरही पाहिला नव्हता. अर्ध्या दाढीला साबण लावलेले एक गृहस्थ, आपल्या पाच अपत्यांचा या यशात काहीएक वाटा आहे या जाणिवेने, आरशात स्वतःकडे आदराने पाहत होते. ज्या भिंतींवर एके काळी लाल त्रिकोण रंगवून ‘पाळणा लांबवा’ म्हणून सरकारने आम्हांस विनविले, त्याच भिंतींना टेकून आम्ही पहिल्या क्रमांकाचे पेढे खाल्ले. ज्यांच्या घरात किती माणसे आहेत हे स्वतः त्यांनी बारा वर्षांत मोजले नव्हते, त्यांना ती जास्त झाल्याची बातमी बाहेरून आली, हेही त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही.

संख्येनेच मोठे व्हावयाचे असते तर बार्बाडोस नावाच्या बेटाने जगात तोंड काढू नये. त्याची वस्ती २ लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे बरोबर आमच्या २०११ च्या जालन्याएवढी. पण त्याला संयुक्त राष्ट्रांत एक स्वतंत्र मत आहे, आणि सोबर्स, वीक्स, वॉरेल, वॉलकॉट ही क्रिकेटची चौकडी त्याने एकट्याने जगाला दिली. आमच्या जालन्याने बियाणे दिले, लोखंडी सळया दिल्या, आणि मोसंबी दिली. मत मात्र आम्ही महानगरपालिकेत देतो.

वास्तविक मोजदादीच्या बाबतीत जालन्याने कोणापुढे मान खाली घालावी असे नाही. अकबराच्या काळी हा मुलूख त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होता आणि अबुल फजल काही काळ येथे राहिला होता, असे सांगतात. ज्या पुरुषाने ‘आईन-इ-अकबरी’त हत्तींच्या वैरणीपासून सुभ्यांच्या जमाबंदीपर्यंत बादशाहीतले सारे काही मोजून ठेवले, तो कुंडलिकेच्या काठी नुसता बसून राहिला असेल हे संभवत नाही. पुढे निजामाच्या अमदानीत १८८१ पासून आमची ‘मर्दुमशुमारी’ होऊ लागली. ब्रिटिश मुलुखात तिलाच मराठीत खानेसुमारी म्हणत. आणि स्वातंत्र्यानंतर दोन्हींना संस्कृत दीक्षा मिळून जनगणना झाली. शब्द एकाच वस्तूचे वाटतात, पण खानेसुमारी म्हणजे घरांची मोजणी आणि जनगणना म्हणजे माणसांची, हा भेद मला कळला तो फार उशिरा, आणि तोही एका शिक्षकाकडून.

हे आमचे एक आप्त. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांना प्रगणक म्हणून मंठा तालुक्यातील एक तांडा नेमून दिला होता. त्याआधी २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी झाली होती. त्या वेळी तांडा गजबजलेला होता. घरे मोजली गेली, दारावर क्रमांक पडले, छप्पर पत्र्याचे की गवताचे, दिवा विजेचा की रॉकेलचा, हे सारे फर्दीवर उतरले. फेब्रुवारीत गुरुजी माणसे मोजावयास गेले तेव्हा क्रमांक जागच्या जागी होते आणि माणसे नव्हती. दिवाळी होताच मुकादमाची उचल घेऊन सारा तांडा ऊसतोडीला गेला होता. कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकाच्या हद्दीत. नियम असा आहे की ९ ते २८ फेब्रुवारी या मोजणीच्या साऱ्या मुदतीत जो घरी नसेल त्याला घरी मोजावयाचे नाही, तो जेथे सापडेल तेथे मोजावयाचा. म्हणजे या लोकांची खानेसुमारी मराठवाड्यात झाली आणि जनगणना कृष्णाकाठी, एखाद्या उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, जर तेथल्या प्रगणकाला पाचटाच्या त्या कोपीचे दार सापडले असेल तर. पुढची गणती १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीवर धरली आहे, आणि या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर व्हावयाची आहे. माणसे मोजण्याचा महिना मात्र फेब्रुवारीच. ऊसही तोच, आणि हंगामही.

गुरुजी दुपारपर्यंत कुलपे मोजीत फिरले. एका दारात मात्र म्हातारी होती, मांडीवर चार वर्षांचा नातू, शेजारी खुंट्याला शेळी. गुरुजींनी पिशवीतून तक्ता काढून गुडघ्यावर ठेवला आणि आजीचे वय विचारले. ‘रझाकारांच्या गडबडीत मी शेरडं राखीत व्हते’ यापलीकडे ती काही सांगेना, तेव्हा त्यांनी मनात हिशेब करून सत्तरीच्या आत-बाहेर काहीतरी मांडले. घरात माणसे किती, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘अडीच कोयते.’

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि एकटा असला तर अर्धा. दोन मुलगे आणि दोन सुना, म्हणून दोन. धाकट्याचे लग्न व्हावयाचे, म्हणून त्याचा अर्धा. मुकादमाच्या वहीत ही मोजदाद दर हंगामाला होते, तिला महामारी लागत नाही, तीत एक माणूस इकडचा तिकडे होत नाही, आणि एक दिवस खाडा झाला तरी त्याची नोंद होऊन पैसे कापले जातात. इतकी बिनचूक गणना संयुक्त राष्ट्रांच्या चौकोनांनाही साधली नसेल.

गुरुजींच्या तक्त्यात अर्ध्या माणसाचा रकाना नव्हता. त्यांनी आजी आणि नातू मिळून ‘दोन’ लिहिले आणि तक्ता मिटला.

‘आन् अडीच कोयते?’ म्हातारीने विचारले.

‘ते तिकडे मोजतील, आजी.’

‘तिकडं मुकादम मोजतोयच की,’ ती म्हणाली, आणि नातवाला खाली ठेवून शेळीला पाला टाकायला उठली.