रोह्याच्या मापाची बंदूक

नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्याला आपण खुळा म्हणतो. अमेरिकेत त्याला छांदिष्ट म्हणतात आणि त्याच्यावर पुस्तकं लिहितात. तिकडे काही मंडळींना असा नाद असतो, की आधी घरच्या घरी एक काडतूस योजायचं आणि मग त्या काडतुसासाठी शिकारीची रायफल घडवून घ्यायची. काडतुसात जिनसा चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. हा गृहस्थ बाजारातल्याच एखाद्या काडतुसाची पुंगळी घेतो, तिची मान आवळतो नाहीतर खांदे रुंदावतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं, की ही पुंगळी जगातल्या कुठल्याच बंदुकीत बसत नाही. तुम्ही-आम्ही इथे हळहळलो असतो. त्याला मात्र परमानंद होतो, कारण आता नवी बंदूक घडवण्यावाचून गत्यंतर नाही, हे घरात छातीठोकपणे सांगता येतं.

असल्या खटाटोपातून कधीकधी नावही होतं. नेड रॉबर्ट्स या गृहस्थाने जर्मन माउझर रायफलीच्या सात मिलिमीटरच्या पुंगळीची मान आवळली. त्यावरूनच रेमिंग्टन कंपनीने १९३४ साली आपलं काडतूस बाजारात आणलं आणि त्याला रॉबर्ट्सचं नाव दिलं. आपल्या नावाचा रस्ता व्हावा म्हणून इथे लोक नगरपालिकेची निवडणूक लढवतात. त्याला पुंगळी पुरली.

विदर्भातल्या तेल्हाऱ्यात बसून हे सगळं वाचताना मौज वाटते. आमच्याकडे बंदुकीपेक्षा परवाना जड. त्यात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकार ही आजोबांच्या गोष्टींतच उरली, आणि गोष्टीतला वाघ दरवर्षी हातभर वाढत असल्यामुळे कुणाला तिची उणीवही भासत नाही. तरीपण हा नाद साता समुद्रापलीकडचा आहे, असं समजायचं कारण नाही. तो नुसत्या सातपुड्यापलीकडचा आहे.

आकाश स्वच्छ असलं की तेल्हाऱ्यातून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. ती ओलांडली की निमाड. १८६०च्या दशकात तिथे कॅप्टन जेम्स फॉर्साइथ नावाचा इंग्रज अधिकारी जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं काम करत होता. लोकांच्या शेताचं माप सरकारसाठी आणि बंदुकीचं माप स्वतःसाठी, असे त्याचे दोन उद्योग. १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तकच लिहून काढलं. तेव्हा लष्करात लांबोळक्या, टोकदार गोळ्यांचा बोलबाला होता. त्या लांब जातात, पण जाताना कमान करून जातात, म्हणून समोरचं लक्ष्य किती अंतरावर आहे ते आधी नीट जोखावं लागतं. फॉर्साइथचं म्हणणं असं, की साग-बांबूच्या रानात जनावर दिसतं तेच मुळी जवळ, आणि दिसतं तेही क्षणभर. तिथे अंतर जोखत बसलेल्या माणसाला पुढे फक्त शेपूट दिसते. त्यापेक्षा जुनी गोल गोळीच बरी. तिच्यामागे दारू भरपूर घालावी, म्हणजे ती जवळजवळ सरळ रेषेत जाईल आणि हिशेबाची भानगडच उरणार नाही.

यात एक अडचण होती. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. तो गोळीला फिरवतो, म्हणून ती सरळ जाते. पण फार जोराने ढकललेली गोल गोळी पिळाला जुमानत नाही. खाचा सोडून ती तशीच घसरत निघते. फॉर्साइथने पीळच इतका सैल केला, की चौदा बोरच्या नळीला आठ फुटांहून जास्त लांबीत एक वेढा. चौदा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या चौदा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी. नळी असते अडीच फुटांच्या आसपास, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत एका फेरीचा तिसरा हिस्साही पुरा करत नाही. आधी रान, मग गोळी, मग पीळ आणि सगळ्यांत शेवटी बंदूक. सातपुड्याच्या मुलखावरचं त्याचं दुसरं पुस्तक १८७१ साली निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. पण रायफलीचं माप रायफलवाल्याने ठरवायचं नसतं, त्याच्यासमोरच्या झाडीने ठरवायचं असतं, ही गोष्ट त्याने छापून ठेवली.

झाडीच्या जागी कधीकधी कायदाही उभा असतो. आपल्या देशात परवानाधारकांमध्ये प्रसिद्ध असलेली ‘तीनशे पंधरा’ रायफल जन्मली ती कायद्याच्या पोटी. इंग्रजांच्या फौजेकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ होती. तेच काडतूस रयतेच्या हाती पडलं, तर उद्या ते आपल्याच दिशेने यायचं, या रास्त भीतीने सरकारने लष्करी मापाच्या बंदुका खाजगी लोकांना बंद केल्या. कायदा झाला की पळवाट ओघानेच आली. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाच्या घराण्यातलं आठ मिलिमीटरचं काडतूस उचललं आणि लष्करी ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर त्याची शिकारी रायफल बेतली. सांगाडा फौजेचा, काडतूस परकं, कायदा शाबूत आणि गिऱ्हाईकही खूश. ०.३१५ इंच म्हणजे आठ मिलिमीटर. ०.३०३पेक्षा ते भोक थोडं मोठंच आहे, पण कायद्याला मोठं-लहान कळत नाही, त्याला वेगळं कळतं.

इंग्रज गेले, माप राहिलं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ही रायफल होऊ लागली आणि काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीला, १८६९पासूनच्या दारूगोळा कारखान्यात. पुढचा विनोद जरा कडवट आहे. हे काडतूस परवान्यावर मिळतं म्हणून चोरवाटेनेही मिळतं, आणि म्हणून उत्तरेकडचे देशी कट्टे बहुतकरून त्याच मापाचे निघतात. हिंदी वर्तमानपत्रात ‘तीन सौ पंद्रह बोर’ हे शब्द आले नाहीत असा आठवडा विरळा. फौजेचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून काढलेलं माप शेवटी नको त्याच हातांत पोचलं. काडतूस आधी आणि बंदूक मागून, हा नियम साधूला आणि चोराला सारखाच लागू आहे.

आता आमच्या शिवाराकडे येतो. इथे वाघाचा प्रश्न वनखात्याचा आणि रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, प्रश्न आमचा. वानच्या आणि नरनाळ्याच्या अभयारण्यांच्या पायथ्याशी कपाशी, तूर, हरभरा पेरायचा म्हणजे डोंगरातल्या मंडळींना पंगतीचं आवतण देण्यासारखंच. भरला नर रोही अडीचशे किलोपर्यंत भरतो आणि तारेचं कुंपण सहज ओलांडतो. रानडुक्कर ओलांडत नाही, खालून येतं. म्हणजे एकाच कुंपणाचा दोघांनी दोन बाजूंनी अपमान करायचा. मारायचं म्हटलं, तर आधी वनखात्याची परवानगी, आणि परवानगीचा कागद रोह्याला वाचता येत नाही. कोकणात काही शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका असतात, पण निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. आचारसंहिता माणसांना असते, डुकरांना नसते. नरनाळ्याच्या किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. ती बघायला गेलेला आमच्याकडचा शेतकरी इतिहास ऐकता ऐकता आपलं वावर तिथून किती लांब आहे, याचाही मनातल्या मनात अंदाज घेतो.

पूर्वी जागलीवर जाणाऱ्याच्या हातात गोफण असे. गोफणसुद्धा गुंडा हातात घेऊन, त्याला बसेल अशीच विणायची. मग ठासणीची बंदूक आली, तिच्यात प्रत्येक बारासाठी काडतूस नव्याने आणि अंदाजाने. आता जुन्या साड्यांचं कुंपण आहे, झटका मशीन आहे, रात्रभर कुत्र्यासारखा भुंकणारा भोंगा आहे. आणि प्लास्टिकच्या पाइपाची ती नळी आहे, जिच्यात कार्बाइडला पाणी लागून वायू होतो आणि ठिणगी पडली की तोफेसारखा बार होतो. वस्तू गमतीची नाही. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच नळीने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. म्हणून अशीच नळी बनवणाऱ्या आमच्या शेजारच्या मोटार वायंडिंगवाल्याला मी म्हणालो, “अरे, हे सोड. डोळे जातील.”

“सोळतो काका,” तो म्हणाला, “पन मंग रोह्याचं काय? गोळी मारता येत नाई, आन् लागतही नाई. त्याले नुसता आवाज पुरते.”

मी गप्प झालो. नेड रॉबर्ट्सने पुंगळीची मान आवळली, फॉर्साइथने पीळ सैल केला, बीएसएने काडतूस बदललं. या पोराने काडतुसातून गोळीच काढून टाकली. पुंगळी नाही, शिसं नाही, परवाना नाही. राहिला तो फक्त आवाज, आणि त्या आवाजाभोवती बांधलेली नळी. घरच्या काडतुसाची याहून घरची तऱ्हा मला ठाऊक नाही.

पण गाठ रोह्याशी आहे. पहिल्या बाराला कळप थेट वान नदीपर्यंत पळाला. पुढच्या काही रात्रींत तो धुऱ्यापर्यंतच पळू लागला. “आता बार झाला का मान वर करते,” वायंडिंगवाला सांगत होता, “इकळे पायते, आन् पुन्हा घाटे खाते.” म्हणजे बंदुकीची परीक्षा रोही घेतो, निकाल रोही लावतो आणि सुधारणाही तोच सुचवतो. एवढा मोठा सल्लागार अभियंता फी म्हणून नुसता हरभरा घेतो, यात तक्रारीला जागा नाही, असं तोंडावर आलं होतं. पण समोर हरभऱ्याचा मालक होता, म्हणून बोललो नाही.

नळी त्याने अडगळीत टाकली, याचं मला बरं वाटलं. पण नाद सुटलेला नाही. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, तुमी पुस्तकं वाचता. रोह्याले ज्याची सवय होतच नाई असं काई असन, थे मले सांगजा. मंग मशीन त्याच्या हिशोबानं बनवतो.”

फॉर्साइथला हेच सांगायला सबंध पुस्तक लागलं होतं. प्रश्न अगदी बिनचूक आहे. उत्तर मात्र रोह्यालाच विचारावं लागेल, आणि तो सध्या हरभऱ्यात आहे.